रंगपेटी : आधी वाळणं बघा, मग रंग घ्या

सुट्ट्या लागल्या की या सदराच्या पत्रांचा गठ्ठा फुगतो, आणि दर वर्षीप्रमाणे निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारलेलं आहे: "बाई, चित्र शिकायचं आहे, सुरुवात कोणत्या रंगांनी करू?" उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं मिळेल. तुम्हाला कोणता रंग आवडतो हे मी फारसं विचारत नाही. तुम्ही कुठे बसणार, सलग किती वेळ बसणार आणि घरात कूलर आहे का, हे विचारते. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासूनचा माझा हेका आहे: माध्यमाची पहिली ओळख त्याच्या वाळण्यावरून करून घ्यावी. जलरंग मिनिटांत वाळतो आणि पाणी लागलं की पुन्हा सुटतो. ॲक्रिलिक तितकंच पटकन वाळतं, पण एकदा वाळलं की सुटत नाही. तैलरंग आठवडाभर ओला राहतो. ऑइल पेस्टल कधी वाळतच नाही. पेन्सिलीला वाळायचं कामच नाही. बाकी छटा, चमक, किंमत हे सगळं नंतर. आणि मे महिन्यातल्या नागपुरात तर या वाळण्याचा हिशेब पुण्या-मुंबईच्या पुस्तकांपेक्षा फार वेगळा लागतो.

प्रश्न : मागच्या वर्षी बँकेतून निवृत्त झालो. शाळेत चित्रकला बरी होती, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बी ग्रेड होती. म्हणून बारा केकची जलरंगांची पेटी आणि ड्रॉइंगची वही आणली. पण आकाश रंगवलं की पट्टे पडतात, कागद पापडासारखा वळतो आणि दोन-तीन रंग मिसळले की चिखल होतो. व्हिडिओत दाखवणाऱ्या माणसाचं असं कधीच होत नाही. नातू म्हणतो, आजोबा, ॲक्रिलिक घ्या. घेऊ का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : काका, रंग बदलू नका, वही बदला.

शाळेत आपल्या सगळ्यांच्या हाती पहिल्यांदा जलरंग दिले जातात, म्हणून ते सोपे असावेत असा समज पक्का बसतो. शाळा ते देते कारण ते स्वस्त आहेत, सांडले तर पुसता येतात आणि कपड्यांवरून धुऊन निघतात. सोपे म्हणून नाही. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. एकदा तो झाकला की परत मिळत नाही. चूक झाकायची सोय नसलेलं माध्यम आपण आठ वर्षांच्या पोरांच्या हाती देतो आणि मग म्हणतो, याला चित्रकला जमत नाही!

आता तुमच्या वहीचं. कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशीचा असतो, ड्रॉइंगच्या वहीचा त्याहून जाड, पण जलरंगाला ३०० लागतो. पाणी पडलं की कागदाचे तंतू फुगतात. एकाच बाजूचे फुगले की कागद वळतो आणि खळगे पडतात. त्या खळग्यांत रंग साचतो, तो शेवटी वाळतो आणि त्याची कड उमटते. तुमच्या आकाशातले निम्मे डाग तुमच्या हाताने पाडलेलेच नाहीत, ते कागदाचे आहेत. सीताबर्डीवरच्या दुकानात ३०० जीएसएमचा मोठा ताव मागा, २२ बाय ३० इंचाचा. त्याचे आठ तुकडे करा. साडेसात बाय अकराचा तुकडा शिकायला पुरेसा. चारही बाजूंनी मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या फळीवर चिकटवा.

दुकानदार विचारेल, साधा देऊ की कॉटनचा? कॉटनचा महाग असतो, पण फरक खरा आहे. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर रंग लवकर बसतो आणि हट्टाने तिथेच राहतो. कापसाच्या तंतूंचा कागद पाणी धरून ठेवतो, हळूहळू सोडतो, त्यामुळे तुम्हाला विचार करायला दोन मिनिटं जास्त मिळतात. (कापूस पिकवणाऱ्या विदर्भात चित्रकाराने कापसाच्या कागदासाठी मन मोठं करू नये, हे काही बरोबर नाही.) सरावाला साधा, पंधरा दिवसांतून एखाद्या चित्राला कॉटनचा, एवढं केलं तरी चालेल.

पट्ट्यांचं कारण दुसरं आहे: तुम्ही चित्र कधी काढता? पत्रात लिहिलंय, "दुपारी जेवण झाल्यावर". काका, मे महिन्यात नागपूरची दुपार पंचेचाळीसला टेकलेली असते आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. ब्रश कागदाच्या उजव्या कडेला पोचेस्तोवर डावीकडचा रंग वाळून बसलेला असतो. त्यावर पुन्हा ओला ब्रश गेला की पट्टा हमखास. व्हिडिओतला माणूस ज्या देशात बसला असतो तिथे खिडकीबाहेर पाऊस पडून राहिला असतो, त्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरलेला थर, दहा मिनिटं ओला राहतो. तुम्ही सकाळी सातच्या आत बसा. नाहीतर कूलर लावा, त्याने खोलीत ओलावा येतो आणि रंग मवाळ वागतो. पण कूलरचा झोत सरळ कागदावर घेऊ नका, नाहीतर एक बाजू आधी वाळेल. आकाशाला लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच वाटीत कालवून ठेवा, फळीची वरची कड खाली एखादं पुस्तक देऊन उचला आणि बारा नंबरचा गोल किंवा इंचभर रुंदीचा चपटा ब्रश घ्या. ओल्या रंगाचा जो थेंब खालच्या कडेला जमतो, तोच पुढे ओढत न्यायचा. मागे वळून बघायचं नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाला की मी स्वतः जलरंगाचे मोठे वॉश बंदच करते आणि मृग लागायची वाट बघते.

चिखल होतो तो तीन-चार रंगद्रव्यं एकमेकांवर चढली की, किंवा अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा हात लावला की. पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. बारा केकांतले चारच वापरा: लेमन यलो, क्रिमझन (किरमिजी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळा तर पेटीतून काढून नातवाला द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा मिळतो, तो पावसाळ्यात अंबाझरी तलावावर उतरणाऱ्या ढगांचा रंग आहे, विकतच्या काळ्यातून तो कधी निघणार नाही. पुढे ट्यूब घ्याल तेव्हा मागचा बारीक मजकूर वाचा. चांगल्या रंगांवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनवर पीबी २९. एका ट्यूबमध्ये एकच क्रमांक असेल तर ती मिसळायला चांगली. तीन-तीन क्रमांक असतील तर चिखलाची सुरुवात कारखान्यातच झाली समजा.

नातवाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला दुरुस्तीची सोय लागते. चांगल्या कागदावर दिवाळीपर्यंत काम करून बघा. तरीही "हे झाकून पुन्हा करावं" अशी खाज जात नसेल, तर थंडीत ॲक्रिलिक घ्या. उन्हाळ्यात नको. ते पॅलेटवरच वाळेल आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

प्रश्न : मला तैलरंगांचं फार आकर्षण आहे, त्यांचा वाससुद्धा आवडतो. पण दोन मुलं आहेत, एक पाच वर्षांचं, एक दोन. रात्री नऊनंतर पाऊण तास मिळतो, तोही जेवणाच्या टेबलावर. जमेल का?
– एक गृहिणी, मनीषनगर

उत्तर : ताई, पाऊण तासात तैलरंगाचं काय होतं ते सांगते. रंग काढा, तेल काढा, कॅनव्हास मांडा, यात दहा मिनिटं. शेवटी ब्रश टरपेंटाइनमध्ये धुवा, मग साबणाने, पॅलेट पुसा, यात पंधरा. उरली वीस मिनिटं. आणि ते ओलं चित्र पुढचे आठ दिवस दोन वर्षांच्या बाळाच्या हाताला येणार नाही अशी जागा तुमच्या घरात आहे का? मला वाटत नाही. जो वास तुम्हाला आवडतो तो टरपेंटाइनचा, आणि खिडक्या लावून कूलर-एसी चालणाऱ्या खोलीत, मुलं झोपलेली असताना, तो नकोच. पोटात गेलं तर ते विषारी आहे, आणि लहान मुलं बाटली बघत नाहीत, झाकण बघतात.

तुमच्यासाठी गुआश. दुकानदाराला हे नाव नवं वाटलं तर 'अपारदर्शक जलरंग' म्हणा. जलरंगच, पण झाकणारा. गडदावर उजळ देता येतो, म्हणजे तैलरंगात तुम्हाला जे हवंय त्यातलं बरंचसं इथे आहे. पॅलेटवर वाळला तर दुसऱ्या रात्री दोन थेंब पाणी टाका, पुन्हा जिवंत. बाळ रडलं तर ब्रश पाण्यात बुडवून उठा, काही बिघडत नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसलं की सकाळी पोळ्या लाटायला मोकळं.

एकच गोष्ट पहिल्या महिन्यात रडवेल. गुआश वाळताना रंग बदलतो: उजळ छटा थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या उजळ. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक ठिपका चिठोऱ्यावर देऊन वाळू द्या, मग चित्रावर लावा. बाटलीतले पोस्टर कलर याच घरातले धाकटे भाऊ. स्वस्त आहेत, सरावाला छान, पण त्यांत भरणा जास्त असतो, जाड दिले तर तडकून सुटतात आणि भिंतीवर उन्हात लावले तर फिके पडतात. महिनाभर पोस्टर कलरवर हात बसवा, आवडलं तर पाच ट्यूब घ्या, त्यांतली पांढरी सगळ्यांत मोठी.

काढायचं काय? नागपूरचे सगळे नवे चित्रकार संत्र्यापासून सुरुवात करतात, आणि गोल वस्तूवर छटा हळूहळू फिरते म्हणून तिथेच अडतात. मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्या. त्याला सरळ पैलू असतात: पाठीवर उजेड, पोटाखाली सावली, पायांच्या आतल्या बाजू सगळ्यांत गडद. दिव्याखाली ठेवा आणि फक्त तीन छटांत काढा. शिंगांचा बेगडी कागद शेवटच्या दिवसापर्यंत रंगवू नका, नाहीतर सगळा पाऊण तास त्या चकाकीतच जाईल.

तैलरंग पळून जात नाहीत. धाकटं शाळेत जाऊ लागलं की सकाळचे तीन तास तुमचे.

प्रश्न : बाई, मी इंजिनिअरिंगला आहे, सक्करदऱ्याला होस्टेलवर राहतो. खोलीत तिघं आहोत. बजेट पाचशे रुपये, त्यापेक्षा एक रुपया जास्त नाही. काय घेऊ?
– एक विद्यार्थी

उत्तर : रंग घेऊच नको बाप्पा. पाचशेत वाईट रंग येतात, पण चांगली पेन्सिल पाचशेत सहज येते आणि वर पैसे उरतात.

२बी, ४बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली. बी म्हणजे मऊ आणि काळी, आकडा वाढेल तशी आणखी. बारा पेन्सिलींचा डबा घेऊ नको, त्यातल्या एच गटाच्या कडक पेन्सिलींना तू हात लावणार नाहीस. एक पुट्टी रबर, जे मळून टोक काढता येतं. कटरने पेन्सिल तास, शिसं लांब बाहेर काढ, म्हणजे आडवी धरून सावली देता येईल. विलो चारकोलच्या, म्हणजे लाकडी कोळशाच्या, चार-पाच कांड्या. न्यूजप्रिंटसारखा स्वस्त कागद भरपूर आणि खिशात मावेल असं एक छोटं स्केचबुक. चारकोलची धूळ मित्रांच्या गादीवर गेली तर भांडणं होतील, म्हणून ते बाहेरच वापर.

आणि एक साधं काळं बॉलपेन, ते तुझ्याकडे आहेच. त्याला खोडता येत नाही म्हणून मुलं घाबरतात. मला तेच आवडतं. खोडरबर हातात असलं की नजर कागदावर राहते, नसलं की समोरच्या वस्तूवर जाते.

खर्च न करता मॉडेल मिळण्याच्या बाबतीत नागपूर फार श्रीमंत आहे. महाराजबागेत प्राणी हलतात, त्यांच्यावर पाच सेकंदांची रेषा शीक. अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. तिथल्या दगडी मूर्ती तासन्‌तास हलत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घे, फक्त पेन्सिल वापर. मूर्तीवर एका बाजूने प्रकाश पडलेला असतो, डोळे बारीक करून बघ, सगळे तपशील जाऊन दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. आधी ते दोन भाग मांड. डोळे, दागिने, बोटं मागाहून. संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊ नको. तिथे त्या वेळी गर्दी एवढी असते की तू चित्र कमी आणि "भाऊ, माझं काढून दे ना" जास्त करशील. पहाटे जा.

पुढच्या सेमिस्टरला पाचशे साठले की पुन्हा लिही.

प्रश्न : माझं वय पंचेचाळीस. स्वतंत्र खोली आहे, पैशांची अडचण नाही. चित्रकार एस. एच. रझा आणि वासुदेव गायतोंडे दोघंही नागपूरशी जोडलेले आणि दोघंही कॅनव्हासवर काम करणारे. मोठं काम करायचं तर तैलरंगच, असं मला वाटतं. सुरुवात थेट तिथूनच केली तर?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : थेट केली तर चालेल. पण रझांचा दाखला देऊ नका, तो तुमच्या विरुद्ध जातो. रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४०च्या त्या दशकात त्यांची ओळख झाली ती जलरंगांतल्या निसर्गचित्रांनी आणि शहरचित्रांनी. तैलरंग पुढे आले, आणि ज्या बिंदूसाठी आज सगळे त्यांना ओळखतात ती चित्रं बहुतेक ॲक्रिलिकमध्ये आहेत. म्हणजे एकाच माणसाने तीन माध्यमं बदलली, दर वेळी कामाला हवं ते घेतलं.

गायतोंड्यांचा दाखला मात्र चालेल. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या या माणसाने तैलरंग रोलरने आणि पॅलेट नाइफने लावले, काढले, पुन्हा लावले, आणि वर्षाला मोजकीच चित्रं केली. तैलरंगाचा स्वभाव तो आहे. वाट बघणं ज्याला जाचतं त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या पत्रात "लवकरात लवकर प्रदर्शन" असे शब्द आहेत, म्हणून जरा काळजी वाटते.

वाळणं इथे पाण्यासारखं उडून जाणं नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. पातळ थर दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड थर कित्येक आठवडे आतून मऊ राहतो. रंगद्रव्यावरही ते अवलंबून: तपकिरी अंबर लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट रेंगाळतो. म्हणून खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडायचा नाही. उलट केलंत तर वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि वर्षभरात भेगा दिसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तैलरंग लवकर वाळतो, पावसाळ्यात रेंगाळतो. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या, नाहीतर मागून बुरशी धरते. आणि वाळायला ठेवलेलं चित्र अंधाऱ्या कपाटात नको, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभर विसराच.

तेल चित्रकलेच्या दुकानातलंच, शुद्ध केलेलं घ्या. विदर्भात जवस घरोघरी असतो, चटणीला उत्तम, पण घाण्याचं तेल कॅनव्हासला नको. दारं-खिडक्या रंगवायला मिळतं ते उकळलेलं अळशीचं तेलही नको, ते काळवंडतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. प्राणवायू घेताना तेल तापतं. घडीत ती उष्णता अडकते, आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेतात. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत तर अजिबात धोका पत्करू नका. चिंधी बाहेर तारेवर सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

पहिले दोन महिने फक्त बर्न्ट अंबर आणि पांढरा. बारा बाय सोळाचे तयार प्राइम केलेले (अस्तराचा हात दिलेले) कॅनव्हास बोर्ड घ्या, सहा एकदम. एकावर काम, बाकी वाळत. एकच मोठा कॅनव्हास आणून त्याच्यासमोर रोज खुर्ची टाकून बसणारे पुष्कळ लोक मला माहीत आहेत. त्यांच्याकडे तो कॅनव्हास अजून आहे. वासाचा त्रास होत असेल तर पाण्यात मिसळणारे तैलरंग येतात. त्यांना ब्रश धुवायला पाणी चालतं.

प्रश्न : मुलगी आठवीत, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय. जलरंग की पोस्टर?
– एक पालक, महाल

उत्तर : संकल्पचित्राला (नक्षीच्या चित्राला) पोस्टर, कारण तिथे सपाट, एकसारखा भरलेला रंग लागतो. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांना तिचा हात ज्यात बसला असेल ते. परीक्षेच्या महिन्यात नवं काही आणून देऊ नका, नवीन ब्रशसुद्धा नको. आणि कृपा करून तिच्या चित्रात तुम्ही रंग भरू नका. शिक्षकांना लगेच कळतं.

प्रश्न : टॅब्लेटवर शिकलो तर रंगांचा खर्चच वाचेल ना?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : टॅब्लेट आधीच घरात असेल तर जरूर. रेखाटन, प्रमाण, छटा हे सगळं तिथे शिकता येतं. चित्र शिकायला म्हणून नवा विकत घेत असाल तर तेवढ्या पैशांत कितीतरी वर्षांचा कागद येतो. वाळण्याची भानगड तिथे नाही, हे खरं. पण मागे जायचं बटन आहे, आणि नवशिक्याचा अर्धा वेळ ते दाबण्यात जातो. महिनाभर ते बटन वापरायचं नाही, असं ठरवून बघा.

प्रश्न : मला दमा आहे. सॉफ्ट पेस्टल फार आवडतात.
– एक वाचिका, खामला

उत्तर : आवडू द्या, पण घरात नको. सॉफ्ट पेस्टल आणि चारकोल दोन्हींची धूळ बारीक असते आणि हवेत राहते. रंग कागदावर धरून राहावा म्हणून त्यावर मारायचा फिक्सेटिव्हचा फवाराही छातीला वाईट. तेच मऊ, मिसळलेले रंग तुम्हाला ऑइल पेस्टलमध्ये मिळतील, त्यात धूळ नाही. ते कधी पूर्ण वाळत नाहीत, म्हणून चित्रावर बटर पेपर ठेवा आणि फ्रेम करताना काच टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाला. उन्हाळ्यात कांड्या लिबलिबीत होतात. काम सुरू करायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, घरच्यांना सांगून. बाकी डॉक्टरांना विचारा, मी चित्रकलेची बाई आहे.

प्रश्न : ॲक्रिलिकचे ब्रश दगडासारखे झालेत. काही उपाय?
– एक वाचक, वाडी

उत्तर : ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की उरतं ते प्लास्टिकच, ते पाण्याने परत सुटत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये केस बुडतील एवढाच ब्रश तासभर ठेवा, मग कोमट पाणी आणि साबणाने बोटांनी चोळा. खिडकी उघडी, गॅस बंद. केसांच्या बुंध्याशी, पत्र्याच्या आत रंग गेला असेल तर टोक परत येणार नाही. तो ब्रश झाडाची साल आणि जुन्या भिंतींचा खरबरीतपणा काढायला ठेवा. यापुढे काम करताना ब्रश पाण्यातच राहू द्या, पण केसांवर उभा नको, आडवा. पॅलेटऐवजी झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाशी ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं तर मे महिन्यातही दुसऱ्या दिवशी रंग ओला सापडतो. आठवड्याने स्पंज बदला, नाहीतर वास मारतो.